पऱ्हाटीतला ससा

मारेगावात राहून गुन्हेकथा लिहिण्याचे ज्याच्या मनाने घेतले, त्याची पहिली अडचण ही की, येथे 'गुन्हेगार कोण' हा प्रश्न दिवेलागणीपर्यंतही टिकत नाही. फिर्याद ठाण्यात नोंदली जाण्यापूर्वीच वणी-करंजी रस्त्यावरच्या एखाद्या चहाच्या टपरीवर तिचा निकाल लागलेला असतो, आणि तो बहुधा बरोबर असतो. बाबूराव अर्नाळकरांचा काळा पहाड मुंबईच्या ज्या अफाट, परस्परांस अनोळखी गर्दीत सहज विरून जाई, तशी गर्दी आमच्याकडे आठवडी बाजारालाही जमत नाही. इथला मनुष्य एक वेळ वेष पालटील, पण चाल कोठून पालटणार? चालीवरून बाप आणि बापावरून गाव सांगणारी म्हातारी माणसे वाटेवरच बसलेली असतात.

हे उमजण्यास मला दहा वर्षे लागली. वाचनालयातल्या फाटक्या बांधणीच्या पुस्तकांतून झुंजार, धनंजय-छोटू आणि पुढे सुहास शिरवळकरांचा फिरोज इराणी यांच्या मागे धावताना माझी अशी समजूत झाली होती की, या प्रांतात जो वेगाने लिहितो तोच तरतो. अर्नाळकरांच्या नावावर हजाराहून अधिक कादंबऱ्या आहेत, या एका आकड्याने तर माझी झोप उडवली होती. मी महिन्याला एक कथा लिही आणि परतीच्या तिकिटांसह एका मासिकाकडे धाडी; तिकिटे मात्र कधी वाया गेली नाहीत. तो हजाराचा आकडा घोडदौडीचा नसून बैठकीचा आहे, हे त्या वयात कळणे शक्य नव्हते.

कळले ते एका कृषी केंद्राच्या मागच्या खोलीत. दर गुरुवारी संध्याकाळी तेथे दुकानाचे मालक, वाचनालयाच्या ग्रंथपाल बाई आणि पोलीस खात्यातून निवृत्त झालेले एक जमादार खताच्या पोत्यांवर बसून माझे लेखन ऐकतात. पहिल्याच बैठकीत माझा खुनी ज्येष्ठातल्या अंधाऱ्या रात्री पऱ्हाटीत दडून बसला होता. बियाण्याच्या पिशव्या न्यायला आलेला एक शेतकरी दारातच थबकला, सारे ऐकून घेतले आणि म्हणाला, "जेठात पऱ्हाटीत ससाबी लपत नाही गुरुजी, तुमचा एवढा मोठा माणूस कसा लपला?" सरकी टोबायच्या दिवसांत मी पुरुषभर उंचीचे पीक उभे केले होते! ज्या मासिकाने कथा परत केली होती, त्याच्या संपादकांना हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते. पण मला, या काळ्या मातीत जन्मलेल्याला, ते ठाऊक नसावे याची लाज आजही वाटते.

जमादारांचा आक्षेप निराळ्या जातीचा असतो. 'भेदरलेल्या आरोपीने कुऱ्हाड काढून दिली', असे मी पंचनाम्यात घातले, तेव्हा त्यांनी चष्मा कपाळावर सारला. "भेदरला हे पंचांना दिसलं काय? हात कापत होते, हे दिसलं. तेवढंच लिवा." ज्या लेखनप्रकाराला साहित्यिक मंडळी रूक्षतेचा नमुना समजतात, त्या पंचनाम्याने मला गद्याचा संयम शिकवला, हे कबूल केले पाहिजे. झडतीच्या वेळी त्याच वस्तीतले निदान दोन प्रतिष्ठित रहिवासी हजर असावेत, असा दंडक १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत होता आणि १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेनेही तो राखला आहे. सरकारलासुद्धा एकट्याचे पाहणे पुरेसे वाटत नाही. मग एकट्याने खोलीचे दार लावून रचलेल्या माझ्या कथांवर कोणी विश्वास का ठेवावा?

पण हेच रहिवासी पंच होण्यास सहसा राजी नसतात, आणि मला वाटते, आमच्याकडची खरी रहस्यकथा तेथून सुरू होते. तारखांना खेपा घालण्याचा कंटाळा हे वरवरचे कारण. मुळात ज्याच्याविरुद्ध जबानी द्यायची त्याच्याच धुऱ्यावरून उद्या बैल न्यायचे असतात, त्याच्याच मांडवात जेवायला बसायचे असते. सत्य सर्वांना ठाऊक असूनही कोणाच्याच तोंडून निघत नाही. ते कोण उच्चारील आणि केव्हा, एवढेच गूढ उरते. या गूढावरची एक कादंबरी मी चार वर्षे लिहितो आहे. तिच्यात एक म्हातारी आहे. तिने रात्री ओसरीवरून सारे पाहिले आहे.

गेल्या गुरुवारी मी तिला ठाण्याची पायरी चढवली आणि वाचून थांबलो. बराच वेळ कोणी बोलले नाही. मग ग्रंथपाल बाई हलकेच म्हणाल्या, "इतक्यात नाही बोलणार ती." जमादारांनी मान डोलावली. मी काहीसा चिडून विचारले, मग केव्हा बोलेल? दुकानाचे मालक तराजूचे पारडे पुसत होते, वर न पाहताच ते म्हणाले, "नातीचं लगन होऊ द्या ना तिच्या आधी."

कादंबरीत नातीचा उल्लेख मी कोठेही केलेला नव्हता.