लघवीचा त्रास म्हणजे नेमके काय?

“लघवीचा त्रास आहे,” एवढे एकच वाक्य बोलून आपली माणसे दवाखान्यात मान खाली घालतात. बायाबापड्या तर तेवढेही बोलत नाहीत. कंबर दुखते म्हणतात. डॉक्टरांपुढे रांग मोठी, ते गोळ्या लिहून मोकळे होतात. आम्ही कारकून माणूस. केसपेपर काढून देणे, परभणीच्या सिव्हिलला किंवा अंबाजोगाईच्या मोठ्या दवाखान्यात सोबत जाणे, हे सोनपेठला राहून आमच्या हातून होत असते. त्या फेऱ्यांत आम्हाला कळले ते असे की, त्या एका वाक्याखाली निरनिराळे विकार दडलेले असतात आणि प्रत्येकाचा इलाज निराळा आहे.

आम्ही पडलो वाणिज्य शाखेचे. रक्कम चुकीच्या खात्यावर पडली की ताळेबंद जुळत नाही. इथेही तसेच आहे. लघवी करताना आग होणे, ज्याला आपण उन्हाळी लागणे म्हणतो, त्यात पुष्कळदा जंतूंचा हात असतो. लघवी तपासली की उलगडा होतो. खोकले, शिंकले, उसाची मोळी उचलली की थेंब गळणे हे वेगळे. आणि लागली की दम धरवत नाही, मोरीपर्यंत पोचेतो लुगडे ओले होते, हे आणखी वेगळे. वरवर पाहता या दोन्हींत लघवी गळतेच. परंतु मोळीच्या वेळी गळते त्यात बहुधा बाळंतपणांनी ढिले पडलेले ओटीपोटाखालचे स्नायू कारण असतात, त्यांना व्यायामाचा गुण येतो. घाईच्या लघवीत मूत्राशय पुरते भरण्याआधीच आवळते, त्याचे औषध दुसरे. इंटरनॅशनल कॉन्टिनन्स सोसायटी या तज्ज्ञांच्या जागतिक संस्थेने 2002 साली या लक्षणांच्या व्याख्या नव्याने नक्की केल्या, त्या सगळ्या डॉक्टरांची भाषा एक असावी म्हणूनच.

आमच्या नात्यातल्या एका मावशींना रात्रीतून पाच वेळा उठावे लागे. एका खाजगी डॉक्टरांनी सांगितले, पिशवी खराब आहे, काढून टाका. आपल्याकडे गर्भाशयही पिशवी आणि मूत्राशयही लघवीची पिशवी! मावशी ऑपरेशनसाठी पैसे जमवू लागल्या. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांची गर्भाशये काढल्याच्या प्रकरणात 2019 साली सरकारला चौकशी समिती नेमावी लागली होती, हे वाचक भगिनींना आठवत असेल.

मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी मात्र आधी वही घालायला सांगितली. तीन दिवस, किती वाजता, किती पाणी प्याले, किती लघवी झाली, मापाच्या भांड्यात मोजून. हा तर सरळ जमाखर्च! मोठ्या माणसाच्या मूत्राशयात साधारण 400 ते 500 मिली मावते. वारंवार जाऊन दर वेळी थोडीच होत असेल, तर दोष मूत्राशयात शोधायचा. दर वेळी भरपूर आणि चोवीस तासांत 2.8 लीटरच्या वर होत असेल, तर लघवीच जास्त तयार होते आहे. मावशींची बेरीज त्या आकड्याच्या पुढे गेली. रक्त तपासले, साखर निघाली. पिशवी जागेवरच राहिली.

पन्नाशीपुढच्या पुरुषांत धार बारीक होणे, कुंथावे लागणे, होऊनही झाल्यासारखे न वाटणे, हे बहुधा प्रोस्टेट वाढल्याने होते. त्यासाठी सात प्रश्नांचा एक तक्ता असतो, गुण 35 पैकी. 20 किंवा त्याहून जास्त झाले की त्रास तीव्र समजतात. लघवी झाल्यावर सोनोग्राफीत आत किती उरली तेही मोजतात. लघवी साफ अडली तर मात्र सकाळची वाट पाहू नये, नळी घालावी लागते. रक्त दिसले तर दुखत नसले तरी डॉक्टरांना गाठावे.

एक सांगायचे राहिले. दिवाळीनंतर तोडीला गेलेल्या आपल्या बाया आडोसा नाही म्हणून दिवसभर पाणीच पीत नाहीत. मुंबईत 2011 पासून बायांच्या मोफत मुताऱ्यांसाठी चळवळ उभी राहिली. उसाच्या फडात कोण उभी करणार? पाणी तोडले की लघवी घट्ट होते, आग वाढते, आणि वहीतले आकडेही खोटे पडतात. तेव्हा वही घालायची ती रोजच्यासारखे पाणी पिऊनच. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी आकडा नातवंडांकडून लिहून घ्यावा. मापाचे भांडे नसेल तर औषधाच्या दुकानातून मापाच्या खुणा असलेले प्लास्टिकचे भांडे आणावे आणि ते स्वयंपाकघरापासून लांब ठेवावे.