खारीचा गुडघा

डोंबिवलीतल्या एका जुन्या, लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर खारी राहायची. अंगाचा रंग खारी बिस्किटाचा, म्हणून नाव खारी. ऐन पावसाळ्यात जिन्याखाली कुडकुडत बसलेलं ते पिल्लू घरातल्या नातीने स्वतःच्या रेनकोटात गुंडाळून वर आणलं, आणि "फक्त आजची रात्र हं," असं बजावत आजीने स्वयंपाकघराच्या दाराशी गोणपाट अंथरून दिलं. पुढे सहा वर्षांत ते गोणपाट धुण्यापुरतंच काय ते जागचं हललं.

खारी गावठी कुत्री होती. लांब पायांची, उभ्या कानांची, हलक्या झोपेची. जिन्यात कोण चढतंय हे तिला पावलांवरून कळे. दूधवाला आला तर शेपटी हाले, अनोळखी माणूस असेल तर घसा खाकरल्यासारखं एकदाच गुरगुरे. दारावरची बेल वाजली की मात्र तिचा संयम सुटे. लोखंडी कॉटवरून थेट दारापर्यंत एकच झेप! ही झेप घरात सगळ्यांना आवडायची. आबांच्या सकाळच्या चहाबरोबर तिला ग्लुकोजची बिस्किटं मिळत, दुपारी आजीकडून तूप लावलेली पोळी, आणि नात शाळेतून आली की डब्यात उरलेलं काहीबाही. वीस किलोच्या बांध्यावर सहाव्या वर्षी सव्वीस किलो वजन चढलं होतं आणि "आमची खारी खात्यापित्या घरची दिसते" असं शेजारीपाजारी कौतुकाने म्हणत होते.

आधी खटकलं ते तिचं बसणं. कुत्रं नीट बसतं तेव्हा मागचे दोन्ही पाय पोटाखाली घेतं. खारी उजवा पाय बाजूला फेकून बसायला लागली. उभी राहिली की त्या पायाची फक्त बोटं जमिनीला टेकत. आजीने पंजा उलटून बोटांच्या बेचक्यांत काटा शोधला, सापडला नाही. दोन दिवस विश्रांती मिळाली की पाय ठीक वाटे आणि मग पुन्हा लंगडणं सुरू होई. एके संध्याकाळी बेल वाजली, खारीने झेप घेतली आणि एक कळवळून ओरडणं ऐकू आलं. त्यानंतर तो पाय तिने टेकवलाच नाही.

डॉक्टर परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले. १८८६ साली सुरू झालेल्या या महाविद्यालयाने मुंबईला आणि महाराष्ट्राला जनावरांच्या डॉक्टरांच्या कित्येक पिढ्या दिल्या आहेत. त्यांनी खारीला गुंगीचं इंजेक्शन देऊन एका हाताने मांडीचं हाड धरलं, दुसऱ्या हाताने नडगी पुढे ढकलली. नडगी सरकली. निरोगी गुडघ्यात ती अशी सरकत नाही, कारण आतला एक अस्थिबंध तिला मागे धरून ठेवतो. खारीचा तो अस्थिबंध तुटला होता. माणसांत, विशेषतः खेळाडूंत, हा अस्थिबंध बहुधा एखाद्या जोरदार हिसक्याने तुटतो. कुत्र्यांत तो बऱ्याचदा महिनोन्‌महिने आतून झिजत असतो आणि शेवटी एखाद्या साध्या उडीचं निमित्त होतं. वाढलेलं वजन या झिजण्याला हातभार लावतं. हे ऐकताना आजीने मान खाली घातली. डॉक्टरांच्या ते लक्षात आलं, पण त्यांनी दोष कुणालाच दिला नाही. पुढे काय करायचं ते सांगायला घेतलं.

आबा माटुंग्याच्या रेल्वे वर्कशॉपमधून फिटर म्हणून निवृत्त झालेले. एक्स-रेवर डॉक्टरांनी पेन्सिलीने रेघ मारून दाखवली, तशी त्यांना सगळी गोम कळली. कुत्र्याच्या नडगीचा माथा सपाट नसतो, मागच्या बाजूला उतरता असतो. हा उतार साधारण पंचवीस अंशांचा. अस्थिबंध शाबूत असेल तोवर चालतं. तो तुटला की दर पावलाला मांडीचं हाड त्या उतारावरून मागे घसरतं आणि नडगी पुढे येते. "म्हणजे ब्रेक गेलेला डबा उतारावर उभा आहे," आबा म्हणाले. डॉक्टर म्हणाले, "अगदी तसंच. आपण ब्रेक दुरुस्त करत बसणार नाही. रूळच सपाट करणार."

ही कल्पना अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यातले पशुवैद्यक बार्कली स्लोकम यांची. १९९३ साली त्यांनी ही पद्धत शास्त्रीय नियतकालिकातून मांडली. गोल पात्याच्या करवतीने नडगीचा माथा अर्धवर्तुळात कापायचा, तो तुकडा उतार पाच अंशांच्या आसपास येईपर्यंत फिरवायचा आणि नव्या जागी प्लेट व स्क्रू लावून पक्का करायचा. तुटलेला अस्थिबंध पुन्हा जोडायचाच नाही, त्याची गरजच उरू द्यायची नाही. लहान चणीच्या कुत्र्यांना कधी कधी नुसत्या विश्रांतीने किंवा सांध्याबाहेरून जाड नायलॉनचा धागा ओवून भागतं. सव्वीस किलोच्या, दिवसभर उड्या मारणाऱ्या खारीला ते पुरणार नव्हतं. आबांनी विचारलं, "स्क्रू किती?" सहा. "स्टीलचे?" हो. त्यांचं समाधान झालं.

रक्ततपासणीत मात्र प्लेटलेट कमी निघाल्या. गोचिडांतून येणारा ताप आपल्याकडच्या कुत्र्यांत नेहमीचाच. कधी कधी वरून काहीच दिसत नाही आणि रक्त मात्र पातळ झालेलं असतं. अशा रक्तावर करवत चालवणं धोक्याचं. डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्यांचा पूर्ण कोर्स झाला, गणपती आले आणि गेले, मग तारीख मिळाली. भूल द्यायची म्हणून आदल्या रात्रीपासून खारीला उपाशी ठेवायचं होतं. त्या सकाळी आजीनेही चहा घेतला नाही.

सोसायटीत कुजबुज झालीच. कुत्र्यावर एवढा खर्च? गावठीच तर आहे! प्रश्न विचारणारे वाईट नव्हते. पण एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी: काही वर्षांपूर्वीपर्यंत असल्या शस्त्रक्रियेसाठी पैसा असूनही इथे सोय सापडत नसे. रतन टाटांना आपल्या कुत्र्याच्या सांध्यासाठी त्याला अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात न्यावं लागलं होतं. तिथे पोचायला उशीर झाल्यामुळे सांधा बदलता आला नाही, एका स्थितीत कायमचा पक्का करून टाकावा लागला. मुंबईत महालक्ष्मीला टाटांचं लहान प्राण्यांचं मोठं रुग्णालय २०२४ च्या जुलैत सुरू झालं आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात टाटा गेले. आज ठाणे-डोंबिवलीपासून पुण्यापर्यंत हाडांचं काम करणारे पशुवैद्यक भेटतात. गावठी कुत्रीच्या गुडघ्यालाही ही विद्या मिळावी, यात चुकीचं काही नाही.

शस्त्रक्रिया दोन तासांत आटोपते. हाड भरून यायला आठ ते बारा आठवडे लागतात, आणि ते सगळे आठवडे घराने सांभाळायचे असतात.

खारी घरी आली तेव्हा मांडीपासून घोट्यापर्यंत केस काढलेले, कातडी जांभळट, गळ्यात प्लास्टिकचा मोठा कोन. पहिली रात्र ती कण्हत राहिली. त्यात थोडं दुखणं होतं आणि बरीचशी भुलीची गुंगी होती. डॉक्टरांनी आधीच कल्पना दिली होती, म्हणून कुणी घाबरलं नाही. तिसऱ्या दिवशी घोट्याजवळ सूज उतरली. गुडघ्यातलं पाणी खाली झिरपतं, तेही अपेक्षितच. फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटं धरायचं काम नातीने घेतलं. आजीला जखमेवर हळद भरायची होती. टाके सुटेपर्यंत त्यावर कसलाही लेप नाही, असं डॉक्टरांनी निक्षून सांगितलं. टाके सुटायला दहा ते चौदा दिवस, तोवर कोन काढायचा नाही. जिभेने जखम बरी होते हा समज आपल्याकडे खोल रुतलेला आहे; प्रत्यक्षात चाटून चाटून टाके उसवतात आणि जखम चिघळते.

दुसरी ताकीद गोळ्यांची. घरात गुडघेदुखीसाठी आबांच्या डायक्लोफेनॅकच्या गोळ्या होत्या आणि माया माणसाला चटकन डबा उघडायला लावते. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन ही माणसांची औषधं कुत्र्याच्या जठरात व्रण करतात, मूत्रपिंडं निकामी करू शकतात. (हेच डायक्लोफेनॅक गुराढोरांना टोचलं जायचं, ती मेलेली गुरं खाऊन गिधाडं मेली आणि २००६ मध्ये सरकारला जनावरांसाठी त्याच्यावर बंदी घालावी लागली. एका जिवाला उतारा ते दुसऱ्याला विष, हे आपण फार महागात शिकलो आहोत.) खारीला तिच्या वजनाला मोजून दिलेलं मेलॉक्सिकॅम होतं, तेही खाल्ल्यावरच. उलटी झाली किंवा शी काळी दिसली तर लगेच बंद करून फोन करायचा होता.

जागेची व्यवस्था आबांनी केली. प्लायवूडच्या पट्ट्या आणि खिडकीची जुनी जाळी जोडून त्यांनी बैठकीच्या खोलीत कुंपण बांधलं: खारीला वळता येईल एवढं मोठं, धावता येणार नाही एवढं लहान. गुळगुळीत फरशीवर पाय घसरतो म्हणून आत काथ्याची चटई. कॉट उभी करून भिंतीला लावली, म्हणजे चढायला काही उरलंच नाही. बेलची वायर काढली आणि दारावर मोठ्या अक्षरांत कागद लावला: फोन करावा. स्वतः आबा कुंपणाला लागून सतरंजीवर झोपू लागले.

अवघड होते ते तीन मजले. शू-शीसाठी दिवसातून चार-पाच वेळा खाली न्यायचं आणि जिना चढू-उतरू द्यायचा नाही. दुसऱ्या मजल्यावरचा कॉलेजचा मुलगा एक हात छातीखाली, एक हात मागे घालून तिला उचलायचा. तो नसेल तेव्हा सून आणि आबा दोघं मिळून. खाली पोचल्यावर आजीच्या जुन्या सुती लुगड्याची घडी पोटाखालून घालून मागचा भार तोलून धरायचा. कुत्रीला बसून शू करावी लागते, त्यामुळे गुडघ्यावर जास्तच ताण येतो, आणि पहिले काही दिवस खारी नुसती उभी राहून आजीकडे बघायची. आजीही उभी राहायची. घाई करून चालत नाही.

मग फिरवणं. इथे डॉक्टरांनी सांगितलेली एक गोष्ट घरातल्या कुणाला सुचली नसती: पाय वापरायला लावायचा असेल तर हळू चालवायचं. वेग वाढला की कुत्रं दुखरा पाय सरळ उचलून घेतं आणि तीन पायांवर छान पळतं. मुंगीच्या चालीने नेलं की त्याला चौथा पाय टेकवावाच लागतो. नात साखळी आखूड धरून, पावलं मोजत, वॉचमनच्या खुर्चीपासून पाण्याच्या टाकीपर्यंत तिला नेई. आधी पाच मिनिटं, मग दर आठवड्याला थोडी वाढ. बोटं टेकली, मग पंजा टेकला, मग एका सकाळी पंज्यावर भार आला आणि नातीने तिथूनच तिसऱ्या मजल्याकडे बघून हाक मारली, "आबा, टेकवला!"

खरा धोका त्यानंतरचा. महिनाभरात दुखणं थांबतं, केस उगवतात, डोळ्यांत चमक येते आणि कुत्र्याला वाटतं आपण बरे झालो. आत हाड अजून कच्चं असतं. प्लेटच्या भरवशावर उभं असतं. नेमक्या याच दिवसांत एखादी उडी स्क्रू उपटून काढू शकते. खारी कुंपणातून सगळ्यांकडे बघे, एकेकाला पंज्याने खुणावे, आणि तिला नाही म्हणणं हेच तिच्यासाठी करायचं काम असे. त्यात दिवाळी आली. फटाक्यांना घाबरलेलं कुत्रं कुठून कुठे उडी घेईल याचा नेम नाही. डॉक्टरांनी मन शांत करणारी गोळी आधीच्या आठवड्यात एकदा देऊन ती खारीला मानवते ना, हे पाहून घेतलं. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी खिडक्यांना गाद्या लावल्या, पंखा आणि रेडिओ मोठ्याने सुरू ठेवला, आणि आबा पूजा आटोपून सरळ कुंपणाच्या आत जाऊन बसले. खारी त्यांच्या मांडीत डोकं खुपसून थरथरत राहिली. पण जागची उठली नाही.

आठव्या आठवड्याच्या एक्स-रेत कापलेली रेघ जवळजवळ भरून आली होती. आबांनी तो एक्स-रे मागून घेतला आणि वर्कशॉपच्या जुन्या मित्रांना दाखवला.

एक पाय गेला की दुसरा जाण्याची शक्यता मोठी, चाळीस ते साठ टक्के कुत्र्यांत असं होतं, हे डॉक्टरांनी लपवलं नव्हतं. म्हणून बिस्किटं कायमची बंद झाली. चहाच्या वेळी काकडी आणि गाजर सुरू झालं, तुपाची पोळी गेली, वजन एकवीसवर आलं. तरीही दोन वर्षांनी डावा गुडघा कुरकुरलाच. या वेळी खारी पाय बाहेर टाकून बसली त्याच दिवशी आजीने ओळखलं. माळ्यावरून कुंपण खाली आलं, लुगड्याची घडी निघाली, आणि खारी स्वतःच त्या चटईवर जाऊन बसली.

पुढे ती पुरेशी म्हातारी होऊन गेली, दोन्ही गुडघ्यांत बारा स्क्रू घेऊन, शेवटच्या वर्षापर्यंत तिन्ही मजले आपल्या पायांनी चढत. शेजारच्या सोसायटीतल्या एका लॅब्रेडॉरचा गुडघा गेला तेव्हा आबा कुंपण रिक्षात घालून त्यांच्याकडे घेऊन गेले, स्वतः स्क्रू पिळून उभं करून दिलं आणि आतल्या बाजूला वहीचा एक कागद चिकटवून आले. त्यावर सगळ्या सूचना ओळीने लिहिल्या आहेत. पहिली: दारावरची बेल काढून टाकणे.