ज्यांना मी घरभेदी म्हणत होतो

रबरबँड लावलेला रिकाम्या पाकिटांचा गठ्ठा तिने माझ्या टेबलावर ठेवला. म्हणाली, "सर, एक दिवस चुकला नाही. मोजून घ्या."

मानेतल्या क्षयाच्या गाठीवर उपचार सुरू होऊन तिला तिसरा महिना लागला होता. लिंबाएवढी गाठ कमी व्हायच्या ऐवजी पेरूएवढी झाली होती, वरची कातडी ताणून लाल झाली होती. आधीच्या भेटीत मी तिला सासूसमोर बोललो होतो. गोळ्या बुडवल्याशिवाय असं होत नाही, असं ठासून सांगितलं होतं. तेव्हापासून सासूबाई रोज समोर बसून गोळ्या गिळायला लावत आणि नंतर तिला तोंड उघडून दाखवायला सांगत.

सुईने पू काढून मी लिक्विड कल्चरला पाठवला. ४२ दिवस ठेवूनही त्यात जंतू वाढला नाही. औषधांनी आपलं काम चोख केलं होतं. मग गाठ फुगवली कुणी? तिच्याच शरीराच्या लढाऊ पेशींनी, मेलेल्या जंतूंच्या अवशेषांवर तुटून पडून. याला पॅराडॉक्सिकल रिअ‍ॅक्शन म्हणतात. हे मी वाचलेलं होतं, परीक्षेत लिहिलेलंही होतं. तरी समोर बाई आली तेव्हा मला आठवलं नाही, कारण माझ्या डोक्यात एक समजूत घट्ट बसली होती: क्षयात प्रतिकारशक्ती कमीच पडते, जास्त कधीच होत नाही.

याच समजुतीतून मी विद्यार्थ्यांना नियामक टी पेशी शिकवत असे. शिमोन साकागुची यांनी १९९५ साली या पेशी ओळखल्या. मेरी ब्रंकॉ आणि फ्रेड रॅम्सडेल यांच्या कामातून २००१ साली फॉक्सपी-३ हा जनुक पुढे आला. या पेशींची सारी सूत्रं त्याच्याच हाती असतात, हे नंतर कळलं. या तिघांना २०२५ चं नोबेल मिळालं. लढाऊ पेशींना आवर घालणं हे या पेशींचं काम. हा जनुक बिघडलेली बाळं जन्मतात तेव्हा त्यांचं शरीर स्वतःच्याच आतड्यांवर, कातडीवर, स्वादुपिंडावर हल्ला करतं.

क्षयाच्या रुग्णांच्या रक्तात या पेशी वाढलेल्या दिसतात. उंदरांमधून त्या काढून टाकल्या तर जंतू कमी होतात. २०१० मध्ये आणखी एक पुरावा आला: क्षयजंतू ओळखणाऱ्या नियामक पेशी उंदरात लढाऊ पेशींना फुप्फुसात पोहोचायला उशीर करतात, आणि त्या उशिरात जंतू आपलं बस्तान बसवतो. मला एवढं पुरे होतं. वर्गात मी त्यांना 'घरभेदी' म्हणत असे. यांना बाजूला करणारं औषध मिळालं की सहा महिन्यांचा उपचार आटोपशीर होईल, असं मी पोरांना सांगायचो.

त्याच २०१० साली मकाक माकडांवरचा एक अभ्यासही प्रसिद्ध झाला होता. तो मी चाळून बाजूला ठेवला होता. त्या बाईनंतर पुन्हा काढून नीट वाचला. प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या उंदरात माणसासारख्या क्षयगाठी होत नाहीत, माकडात होतात, म्हणून त्याला वजन आहे. जी माकडं पुढे आजारी पडली नाहीत, ज्यांनी जंतूला निपचित ठेवलं, त्यांच्या रक्तात संसर्गाच्या आधीपासूनच नियामक पेशी जास्त होत्या. आजारी माकडांत त्या वाढल्या त्या नंतर, दाह वाढला म्हणून. पूर आल्यावर गावात होड्या दिसतात. होड्यांनी पूर आणला असं मी इतकी वर्षं शिकवत होतो.

मग बाकीचंही दिसायला लागलं. लढाऊ पेशींवरचा पीडी-१ हा ब्रेक नसलेले उंदीर क्षयाने लवकर मरतात. कर्करोगात हाच ब्रेक सोडवणारी औषधं घेतलेल्या काही रुग्णांत क्षय उफाळला आहे. फुप्फुसात पोकळी पडते तेव्हा तिथला सांगाडा विरघळवणारी विकरं बहुतांशी आपल्याच पेशींची असतात, आणि त्या पोकळीतूनच खोकल्यावाटे जंतू दुसऱ्याच्या घरी जातो. आणि मी स्वतः? मेंदूच्या आवरणाच्या क्षयात वर्षानुवर्षं स्टेरॉइड देत आलो. व्हिएतनाममध्ये ५४५ रुग्णांवर झालेल्या चाचणीत त्याने मृत्यू कमी होतात हे २००४ सालीच दिसलं होतं. दाह आवरला की माणूस वाचतो हे माझ्या प्रिस्क्रिप्शनमध्ये होतं, शिकवण्यात नव्हतं. ही गोष्ट मला फार लागली.

म्हणून उलट्या टोकाला जायचं नाही. संधिवातावरच्या, दाह दाबणाऱ्या इन्फ्लिक्सिमॅबने झोपलेला क्षय जागा होतो हे २००१ पासून माहीत आहे. संसर्गाच्या पहिल्या दिवसांत नियामक पेशींचा ब्रेक जंतूच्या पथ्यावर पडतो. जंतू ठाण मांडून बसल्यावर तोच ब्रेक फुप्फुस राखतो. आज मला असं वाटतं. पण 'इम्युनिटी वाढवायची पावडर घेऊ का' असं रुग्ण विचारतो तेव्हा पूर्वी मी मान डोलवायचो, आता डोलवत नाही. घास वाढव, प्रोटीन खा, वजन भरून काढ, एवढंच सांगतो.

त्या बाईच्या गोळ्या तशाच चालू ठेवल्या, पू दोनदा काढला, थोडे दिवस स्टेरॉइड दिलं. गाठ बसली. शेवटच्या भेटीला सासूबाई सोबत होत्या. त्यांच्यासमोरच मी तिची माफी मागितली; बोललो होतो त्यांच्यासमोर, तर माफीही तिथेच मागायला हवी होती. ती काही बोलली नाही, पदराने मानेवरचा व्रण झाकून घेतला.

तुमच्या घरात कुणाची गाठ औषध चालू असताना वाढली, तर गोळ्या बंद करू नका आणि मनाने स्टेरॉइडही घेऊ नका, डॉक्टरांकडे जा. आणि माझ्या डॉक्टर मित्रांनो, जंतू औषधांना दाद देतो की नाही ते जरूर तपासा. पण पेशंटला बोल लावण्याआधी पू तपासणीला पाठवा.