नाव नको, नंबर सांगा

डहाणू-तलासरीत नुसत्या नावावरून माणूस शोधायला जाऊ नये. धोडी, दुबळा, कुऱ्हाडा ही आडनावं पाड्यापाड्यांवर. बापाचं नाव जोडलं तरी एकाच गावात दोघे जुळतात. सेवा केंद्रांसाठी नोंदींची सॉफ्टवेअरं लिहिणं हा माझा धंदा, आणि त्यातलं निम्मं कसब लाखो ओळींतून एकच, तीही हवी तीच ओळ काढण्यात आहे.

दहा लाख ओळींच्या टेबलला इंडेक्स नसेल, तर डेटाबेस पहिल्या ओळीपासून वाचत सुटतो. दर वेळी निम्म्या ओळी बाद करत गेलं, तर वीसेक तुलनांत काम होतं. इंडेक्सचं बी-ट्री तर बहुधा तीन-चार पानांतच मुक्कामाला पोचतं. मात्र इंडेक्सला क्रम असतो. तो गाव, सर्व्हे नंबर, हिस्सा असा बांधलेला असताना समोरचा नुसतं ‘पंचेचाळीस नंबर’ म्हणाला, की इंडेक्स जवळजवळ निकामी. पंचेचाळीस नंबर झरीतही असणार, उधव्यातही, सायवनलाही. महाभूलेखवर आधी जिल्हा, तालुका, गाव विचारतात ते उगीच नाही.

नावात आणखी एक गोम आहे. ‘कुऱ्हाडा’तला ऱ्ह दोन रीतींनी टाइप होतो. पडद्यावर दोन्ही तंतोतंत सारखे, पण आतले युनिकोड निराळे, म्हणजे डेटाबेसच्या लेखी माणसंही निराळी. हिश्शाचं तेच: कोणी ‘१अ’ लिहितं, कोणी मध्ये जागा सोडतं, कोणी आकडा इंग्रजी घेतं. ही साफसफाई नोंद घेतानाच करावी. शोधताना करत बसलं, तर साधा इंडेक्स वापरलाच जात नाही.

एका नावावर दोन ओळी आल्या, की नवी पोरं ‘लिमिट १’ लावून मोकळी होतात. ओळ एकच येते, पण कोणाची? वनहक्काचा दावा बघायला एसटीने आलेल्या बाईला तिच्याच नावाच्या दुसरीचा ‘नामंजूर’ दाखवला, तर ती तशीच घरी जाईल. त्यापेक्षा दोन ओळी आलेल्या बऱ्या, निदान विचारता तरी येतं. खरा इलाज म्हणजे दावा क्रमांकावर ‘युनिक’ची अट.

त्या क्रमांकात जिल्हा मात्र गुंफू नये. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर ठाण्यातून वेगळा झाला. गावं जागच्या जागी, जिल्हा बदलला.

तेव्हा केंद्रावर येताना आठ-अचा उतारा किंवा दाव्याची पोच आणा. गाव आणि त्यावरचा क्रमांक सांगा. नाव मागाहून, खात्री करायला विचारू.