वय आणि निदान

‘गाडी जुनी झाली’ असे म्हटले की निदानाचे कष्ट वाचतात. दिल्लीतील द्वारका या उपनगरात एका हिवाळ्यात आमची प्रीमियर पद्मिनी अडून बसली. स्टार्टर फिरे, इंजिन मात्र सुरू होत नसे. कुर्ल्याच्या कारखान्यात घडलेल्या या गाडीचे वय शेजाऱ्यांनी पुढे केले. मिस्त्रींनी ते कारण मानले नाही. स्टार्टर जोमाने फिरतो, म्हणजे बॅटरी ठीक; कार्ब्युरेटरमध्ये धार दिसते, म्हणजे पेट्रोल येते आहे; उरला करंट. वायरीसह प्लग काढून इंजिनाच्या धातूला टेकवला, तर ठिणगी नाही. डिस्ट्रिब्यूटरमधले पॉइंट काजळले होते. ते घासून फट जुळवताच इंजिन सुरू झाले.

पुढे पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांना दिल्लीत मनाई करणारा राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली कायम केला आणि पद्मिनी गेली. शहराच्या श्वासासाठी अशी सरसकट रेषा आखावी लागते, हे मला मान्य आहे. साहित्यविचाराला मात्र ती सवलत नाही. जुन्या कादंबरीपाशी वाचक थबकतो, तेव्हा तिला कालबाह्य ठरवण्यापूर्वी भाषा, अनुभव, रचना यांपैकी नेमके काय पोहोचत नाही, हे समीक्षकाने क्रमाने तपासले पाहिजे. कित्येकदा आड आलेली असते ती केवळ काजळी.