चिमुकल्या कारभाऱ्यांसाठी

चि. भाचीस मामाचे अनेक आशीर्वाद.

पहिल्या ख्रिस्तप्रसादाची मुले यंदा धर्मशिक्षणासाठी तुझ्याकडे सोपविली आहेत, आणि सृष्टीच्या रक्षणाविषयी त्यांना काय शिकवावे, असे तू विचारले आहेस. वृक्षारोपणाचा एक दिवस आणि घोषणांची एक फेरी एवढ्यावर हा विषय आटोपला जातो, असे सर्वत्र दिसते. तू त्या वाटेने जाऊ नयेस, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

आरंभ उत्पत्तीच्या पुस्तकापासून कर, परंतु पहिल्या अध्यायाशी थांबू नकोस. मनुष्याला पृथ्वीवर सत्ता दिल्याचे तेथे वाचून अनेकांनी ती आपली खाजगी मिळकत मानली. पण दुसऱ्या अध्यायाच्या पंधराव्या वचनात देव त्याच मनुष्याला बागेत ठेवतो तो तिची मशागत आणि राखण करण्यासाठी, आणि पोप फ्रान्सिस यांनी 2015 च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात या वचनाकडे ख्रिस्तसभेचे लक्ष आवर्जून वेधले आहे. मालक देव, आपण त्याचे कारभारी, हाती आहे ती अमानत, आणि अमानतीचा जाबसाल एक दिवस द्यावयाचा आहे, हे आठ-नऊ वर्षांच्या मुलाला मोठ्यांहून लवकर उमगते. पुढे योहानाच्या सहाव्या अध्यायाशी मात्र सावकाश थांब. ज्याने पाच भाकरींवर हजारोंना तृप्त केले, त्याला उरल्यासुरल्या तुकड्यांची गरज ती कोणती? तरी काही वाया जाऊ नये म्हणून ते त्याने गोळा करविले, आणि बारा टोपल्या भरल्या. विपुलता निर्माण करण्याचे सामर्थ्य असूनही नासाडी न साहणारा हा प्रभू मुलांना नीट भेटव.

मग ग्रंथ मिटून त्यांना बाहेर ने. आपल्या वसईत पूर्वजांनी गावोगाव बावखले खणली, ती पावसाचे पाणी साठवून जमिनीत मुरविण्यासाठी. त्यांच्यामुळे समुद्राच्या इतक्या निकट असूनही विहिरी गोड राहिल्या आणि केळीच्या व पानवेलींच्या वाड्या पोसल्या गेल्या. पुढे जमिनीला भाव आला, कित्येक बावखले भराव घालून बुजविली गेली, टँकरवाल्यांनी विहिरींचा बेसुमार उपसा केला, आणि गोड्या पाण्याची जागा खाऱ्या पाण्याने घेतली. फादर फ्रान्सिस दिब्रिटो हरित वसईच्या चळवळीत उतरले तेव्हा धर्मगुरूने अशा भानगडीत का पडावे, असे विचारणारे होते. माझ्या मते वेदीवरच्या सेवेइतकीच तीही पवित्र सेवा होती, आणि तुझ्या वर्गातील मुलांना तो इतिहास आपल्या घरचा म्हणून ठाऊक असला पाहिजे.

एक पथ्य मात्र पाळ: जगाच्या विनाशाची चित्रे दाखवून त्यांना भिववू नकोस. भ्यालेले मूल डोळे मिटून घेते. ज्याच्याकडे एखादी वस्तू विश्वासाने सोपविली आहे, ते मूल डोळे उघडे ठेवते. म्हणून प्रत्येकाला काहीतरी नेमून दे, एकाला चर्चच्या आवारातील रोप, दुसऱ्याला घरचा गळका नळ, तिसऱ्याला विहिरीच्या पाण्याची पातळी टिपण्याची वही. आणि पहिल्या पापनिवेदनाची तयारी करून घेताना, आईबापांची अवज्ञा व खोटे बोलणे यांच्या जोडीला, पानात टाकलेले अन्न, ओढ्यात फेकलेली पिशवी आणि उगाच वाहू दिलेले पाणी यांचीही आठवण करावयास सांग. कारण ज्या पाण्याने त्यांचा बाप्तिस्मा झाला ते, आणि ज्या गव्हाची भाकर वेदीवर ख्रिस्तशरीर होते तो, ही दोन्ही याच भूमीची देणी आहेत.

1 सप्टेंबर हा सृष्टीसाठी प्रार्थना करण्याचा दिवस. तेथपासून 4 ऑक्टोबरच्या असिसीकर संत फ्रान्सिसच्या सणापर्यंतचा काळ ख्रिस्तसभेने याच चिंतनासाठी राखला आहे, आणि तेव्हा आपल्याकडे पावसाळा सरत आलेला असून पाणी भरपूर असते. त्या काळात निदान एक रविवार वर्ग बावखलाच्या काठी भरव, आणि मुलांच्या आईबापांनाही तेथे अगत्याने बोलाव.

तुझा,
मामा