गाळलेल्या जागा

गाळणे ही कला आहे असे कादंबरीकार म्हणतात, आणि गाळणे हा गुन्हा आहे असे शाळामास्तर म्हणतात. मी दोन्ही असल्यामुळे माझी नेहमीच पंचाईत होते. वर्गात मुलाच्या वहीतला सुटलेला अनुस्वार मी लाल शाईने जागेवर आणून बसवतो, आणि घरी येऊन स्वतःच्या हस्तलिखितातली चार-चार पाने बिनदिक्कत फाडतो. या दोन माणसांचे पटावे कसे, हे मला कळले ते एका भलत्याच धंद्याकडे पाहून.

माझा भाचा पुण्याला एका कारखान्यात इंजिनिअर आहे. त्याचे काम काय, असे ताईला विचारले तर ती म्हणते, "दिवसभर पडद्यावरची चित्रं पुसत बसतो." ताईचे म्हणणे अगदीच खोटे नाही. यंत्राचा एखादा भाग घडवण्याआधी तो भार सोसेल की मोडेल, हे आज संगणकावर पाहता येते. पण अख्खा वेडावाकडा आकार गणिताच्या घशाखाली उतरत नाही. म्हणून त्या घनाकृतीचे हजारो, कधी लाखो तुकडे पाडतात, प्रत्येक तुकड्याचे गणित सोपे ठेवतात आणि शेजाऱ्याशेजाऱ्यांची गणिते सांधून सगळ्याचे उत्तर काढतात. या रीतीला 'फायनाइट एलिमेंट' हे नाव रे क्लफ या अमेरिकन प्राध्यापकाने 1960 साली दिले. तुकड्यांच्या जाळीला म्हणतात 'मेश'.

दिवाळीत शंकरपाळे कापणाऱ्या गृहिणीला यात नवे काही वाटू नये. पोळीच्या मधले शंकरपाळे एकसारखे येतात. कडेचे मात्र कुठे निमुळते, कुठे चिमुकले. फरक इतकाच की, कडेचा शंकरपाळा तळून खाता येतो. जाळीतला बेढब तुकडा उत्तर बिघडवतो.

म्हणून जाळी टाकण्याआधी आकृती साफ करावी लागते. भाच्याने मला एक लोखंडी ब्रॅकेट दाखवला. चित्र काढणाऱ्याने त्यात काही म्हणून सोडले नव्हते. उठावाची अक्षरे होती, भोकांतले आटे होते, कडाकडांना बारीक गोलाई होती. दोन पृष्ठे मिळतात तिथे केसाएवढी फट राहिली होती, आणि एके ठिकाणी नखाच्या कापासारखी चिंचोळी पट्टी. माझ्या डोळ्यांना ती दिसलीसुद्धा नाही. पण तेवढ्या पट्टीपायी जाळी तिथे सूक्ष्म तुकड्यांची रास ओतते, नाहीतर हटून बसते. फट सांधायची, पट्टी शेजारच्या पृष्ठात मिसळायची, अक्षरे पुसायची. आकृती अशी हवी की आत पाणी भरले तर थेंब गळू नये. शिवाय दोन भाग एकमेकांना नुसते टेकले म्हणजे जोडले गेले, असे संगणक मानत नाही. त्यांचे नाते काय, ते त्याला स्पष्ट सांगावे लागते. (पुष्कळ संसारांतही ते सांगायचे राहून जाते, पण तो विषय वेगळा.)

अक्षरे गेली, आटे गेले, गोलाया धडाधड गेल्या. एका आतल्या कोपऱ्यापाशी मात्र भाच्याचा हात थांबला.

"ही का रे ठेवलीस? हीही तेवढीशीच आहे."

"मामा, बाहेरच्या कडेची गोलाई गेली तरी कुणाचं बिघडत नाही. इथे भार वळतो. ही पुसली की कोपरा धारदार होतो, आणि मग जाळी जितकी बारीक करावी तितका इथला ताण वाढतच जातो. त्या आकड्याला अंतच नाही."

किर्श नावाच्या जर्मन इंजिनिअराने 1898 साली दाखवून दिले की, रुंद पत्र्याला लहानसे गोल भोक पाडून तो ओढला, तर भोकाच्या काठावरचा ताण तिप्पट होतो. भोक आणखी लहान केले तरी तिप्पटच! लहान-मोठेपण मापात नसते, जागेत असते, हे त्या भोकाइतके मला कुणी शिकवले नाही.

'स्लाइप्नर ए' हा नॉर्वेच्या समुद्रातील वायुविहिरींसाठीचा मंच. त्याचा काँक्रीटचा पाया म्हणजे 24 प्रचंड रांजण एकमेकांना चिकटवून उभे केलेले. तीन गोल रांजण एकत्र आले की मध्ये तिकोनी पोकळी उरते. त्या पोकळीत समुद्राचे पाणी शिरून भिंतींना रेटत असे. नेमकी तिथेच जाळी जाडीभरडी होती आणि तुकडे बेढब. भिंतीला कातरू पाहणारा ताण 47 टक्क्यांनी कमी मोजला गेला. भिंती पातळ राहिल्या, सळयांची गुंफणही अपुरी पडली. 23 ऑगस्ट 1991 रोजी स्टाव्हांगरजवळच्या खाडीत चाचणीसाठी पाया खाली उतरवत असताना भिंत फुटली आणि तो अवाढव्य पाया तळाला गेला. सुदैवाने माणसे वाचली. मागाहून काळजीपूर्वक हिशेब केला तेव्हा उत्तर आले की, भिंत 62 मीटर खोलीवर मोडेल. ती मोडली होती 65 मीटरवर. 'रीत बरोबर, आकृती चूक' असे असेल तर आम्ही मास्तर अर्धे गुण देतो. समुद्राने शून्य दिले.

तेव्हापासून कापायला बसलो की मी मनाशी विचारतो, इथे भार येतो का? परवा माझ्या हस्तलिखितात एक अर्ध्या पानाची आत्या आडवी आली. ती येते, उसनी नेलेली पितळी परात परत करते आणि जाते. संपादकांनी समासात फुली मारली होती. पण पुढे त्या घरात जी वाटणी होते, ती याच परातीवरून पेटते. आत्या राहिली. तिच्या आधीचा चार पानांचा सूर्यास्त मावळला.

भाच्याची आणखी एक सवय मी उचलली आहे. काय काय पुसले आणि का पुसले, याची तो नोंद ठेवतो. उद्या दुसऱ्या कुणाला तो ब्रॅकेट तपासावा लागला तर त्याला कळावे म्हणून. माझ्या वहीच्या शेवटच्या पानावरही आता तशी यादी असते. तिला मथळा शाळेतलाच दिला आहे : 'गाळलेल्या जागा'.